वाचकांचे प्रश्न : सरकारी मागणीपत्र आणि ग्राहकाची माहिती

तपास यंत्रणा एखाद्या ग्राहकाची माहिती मागते, तेव्हा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने काय करावे, या एकाच विषयावर या वेळी इतकी पत्रे आली की सदराची सगळी जागा त्यालाच द्यावी लागली. काही पत्रे अशा कंपन्यांत काम करणाऱ्यांची आहेत, काही ग्राहकांची. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत; या विषयावर ती छापणे शोभलेही नसते.

प्रश्न : मी एका लहान इंटरनेट कंपनीच्या तांत्रिक विभागात काम करतो. काही दिवसांपूर्वी एका तपास अधिकाऱ्याच्या नावाने ईमेल आला. त्यात एक आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ओळखण्याचा क्रमांक), तारीख, वेळ आणि ‘सदर ग्राहकाची संपूर्ण माहिती तात्काळ पाठवावी’ एवढाच मजकूर होता. वरिष्ठ म्हणाले, ‘सरकारी काम आहे, देऊन टाका.’ मी दिली. आता मनाला टोचणी लागली आहे. माझी चूक झाली का?

उत्तर : चूक झाली, पण ती आपल्या एकट्याची नाही. मागणीपत्र कोणी वाचायचे, कोणी मंजूर करायचे आणि उत्तर कोणाच्या सहीने जायचे हे ज्या कंपनीत आधी ठरलेले नसते, तिथे तो निर्णय त्या दिवशी जो कामावर असेल त्याच्या गळ्यात पडतो. आपल्याकडे आलेले पत्र आता शांतपणे पुन्हा वाचू.

पहिली शंका पाठवणाऱ्याबद्दल घ्यायला हवी होती. तपास अधिकाऱ्याच्या नावाने आलेला ईमेल तपास अधिकाऱ्याचाच असतो असे नाही. अॅपल आणि मेटा यांच्यासारख्या बलाढ्य कंपन्यांनीही २०२१ मध्ये बनावट ‘तातडीच्या’ मागण्यांना फसून ग्राहकांची माहिती भामट्यांच्या हाती दिली होती, आणि ही गोष्ट २०२२ मध्ये उघड झाली. भामट्यांनी पोलिसांची खरी ईमेल खाती बळकावून तिथून पत्रे पाठवण्याचे प्रकारही घडले आहेत, त्यामुळे पत्त्याचा शेवट सरकारी दिसला म्हणजे खात्री झाली असे होत नाही. पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर त्या कार्यालयाच्या अधिकृत यादीत स्वतः शोधलेल्या क्रमांकावर फोन करून ‘हे पत्र आपण पाठवले आहे का’ असे विचारायचे. या कामाला दहा मिनिटे लागतात, आणि खरा अधिकारी त्याबद्दल रागावत नाही.

दुसरी गोष्ट ‘संपूर्ण माहिती’ या शब्दांची. बहुतेक देशांच्या कायद्यांत माहितीच्या पायऱ्या असतात. ग्राहकाचे नाव-पत्ता मिळवायला तुलनेने साधा अधिकार पुरतो, जोडणीच्या नोंदींसाठी त्याहून वरचा आदेश लागतो, आणि प्रत्यक्ष मजकूर किंवा चालू संभाषण ऐकण्यासाठी सर्वांत कडक परवानगी लागते. ‘संपूर्ण’ नावाची पायरी मात्र कोणत्याही कायद्यात नसते. हा शब्द बहुधा लबाडीने लिहिलेला नसतो. जुन्या पत्राचा मसुदा उचलून नवे पत्र तयार केले जाते आणि तो शब्द तसाच पुढे येत राहतो. ‘कोणत्या कलमाखाली आणि नेमकी कोणती माहिती हवी आहे ते कृपया कळवावे’ अशी एक ओळ लिहिली की निम्म्या वेळा मागणी आपोआप आटोपशीर होते, असा माझा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती आपल्यासारख्या तांत्रिक माणसालाच दिसू शकते. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात जेमतेम ४३० कोटी आहेत. ते पुरत नाहीत म्हणून अनेक पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता एका वेळी कित्येक ग्राहकांत, कधी शेकडो ग्राहकांत, वाटून वापरतात. अशा वेळी पत्ता आणि मिनिटापर्यंतची वेळ एवढ्यावरून माणूस सापडत नाही. त्यासाठी पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या जोडण्या ओळखणारा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. शिवाय ती वेळ कोणत्या घड्याळाची? समजा, पत्रात ‘१४ तारीख, २३:१०’ असे लिहिले आहे. ही वेळ ज्या संकेतस्थळाच्या नोंदीतून उचलली, त्याचे यंत्र जागतिक प्रमाणवेळेवर चालते आणि आपल्या नोंदी मात्र स्थानिक वेळेच्या आहेत. मधल्या तासांत कोणाचा तरी राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि तोच पत्ता दुसऱ्या घरी गेला. आपण पत्रातली वेळ जशीच्या तशी आपल्या नोंदींत शोधली, तर जे नाव बाहेर येईल ते भलत्याच कुटुंबाचे असेल आणि दार त्यांचे वाजेल. आयपी पत्त्यावरून माणूस ओळखताना झालेल्या अशा चुका आणि त्यातून निरपराधांच्या घरी पडलेल्या धाडी ब्रिटनमधील सरकारी निरीक्षण आयुक्तांच्या वार्षिक अहवालांत नोंदलेल्या आहेत. माहिती अपुरी असेल तर ‘दिलेल्या तपशिलावरून ग्राहक निश्चित करता येत नाही’ हेच खरे उत्तर आहे, आणि ते लिहिण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

आता करायचे ते असे : काय मागितले, काय दिले, कोणी सांगितले आणि केव्हा, याची लेखी नोंद आजच करा. वेळ आणि पोर्ट पुन्हा ताडून पाहा. चुकीचे नाव गेले असेल तर त्या अधिकाऱ्याला लगेच लेखी कळवा. आणि वरिष्ठांकडून मागणीपत्रांविषयीचा एक पानी का होईना, पण नियम लिहून घ्या.

प्रश्न : हल्ली जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह असते. मग माझ्या इंटरनेट कंपनीकडे माझ्याविषयी देण्यासारखे असतेच काय?

उत्तर : कुलूप खरे आहे. आपण बँकेच्या पानावर काय टंकले किंवा डॉक्टरला काय लिहिले, हे मधल्या कंपनीला वाचता येत नाही. पण आपण बँकेच्या पानावर गेलात हे तिला कळते. आपला फोन किंवा संगणक एखादे संकेतस्थळ उघडण्याआधी ‘या नावाचा पत्ता काय’ असे विचारतो, आणि वेगळी व्यवस्था केलेली नसेल तर तो हा प्रश्न आपल्या पुरवठादारालाच विचारतो. पुढे जोडणी जुळताना पहिल्याच नमस्कारात संकेतस्थळाचे नाव बहुतेक ठिकाणी अजूनही उघडे जाते. त्यामुळे कोणी रात्री दोन वाजता व्यसनमुक्ती केंद्राच्या संकेतस्थळावर गेले आणि पाऊण तास तिथे राहिले, एवढे पुरवठादाराच्या नोंदींतून दिसू शकते. त्याने तिथे काय वाचले ते दिसत नाही, पण ते दिसण्याची गरजही उरत नाही.

याशिवाय नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, देयकांचा इतिहास, कोणत्या वेळी कोणता आयपी पत्ता दिला होता याच्या नोंदी आणि किती माहिती आली-गेली याचे आकडे असतात. मोबाइल कंपनीकडे तर फोन कोणत्या मनोऱ्याशी जोडलेला होता याचीही नोंद असते, म्हणजे पर्यायाने आपण कुठे होता हेही.

या ‘नुसत्या नोंदी’ हलक्या समजण्याची सवय न्यायालयांनाही होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये स्मिथ विरुद्ध मेरीलँड या खटल्यात असे ठरवले की, फिरवलेला क्रमांक ग्राहक स्वतःच दूरध्वनी कंपनीला सांगतो, म्हणून त्याबाबत खासगीपणाचा दावा त्याला करता येत नाही. हे तत्त्व पुढे जवळजवळ चाळीस वर्षे पुरवून वापरले गेले. मग २०१८ मध्ये कार्पेंटर खटला आला. त्यात एका संशयिताच्या फोनच्या १२७ दिवसांच्या नोंदी पोलिसांनी न्यायालयाच्या वॉरंटशिवाय मिळवल्या होत्या. त्यांत ठिकाणांचे १२,८९८ बिंदू होते, म्हणजे दिवसाला सरासरी शंभराच्या वर. तो माणूस कोणत्या रविवारी कुठे होता, कोणती रात्र घराबाहेर होता, हे सगळे त्यात होते. पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयाने म्हटले की, असा तपशील केवळ कंपनीकडे साठलेला आहे म्हणून सरकारला वॉरंटशिवाय खुला होत नाही. एका मताचे अंतर लक्षात घ्यावे. हा प्रश्न कायद्याच्या जाणकारांनाही किती अवघड गेला हे त्यावरून दिसते.

प्रश्न : आपल्यासारखे लोक सुचवतात की कंपन्यांनी सरकारशी भांडावे. कंपनी म्हणजे न्यायालय नव्हे. परवाना सरकार देते, तपास सरकार करते. मागितले ते द्यावे आणि मोकळे व्हावे. यात चुकीचे काय?

उत्तर : कंपनी न्यायालय नाही हे पूर्ण मान्य. ग्राहक दोषी की निर्दोष हे तिने ठरवूच नये. पण बँकेतला कारकून धनादेशावरची सही ताडून पाहतो, तेव्हा तो न्यायाधीश होत नाही. त्याच्या ताब्यात दुसऱ्याची ठेव आहे म्हणून तो ते करतो. आदेश खरा आहे का, तो देणाऱ्याला तसा अधिकार आहे का आणि आपण मागितले तेवढेच देतो आहोत का, एवढी तपासणी करणे याला भांडण म्हणत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०११ मध्ये मान्य केलेली उद्योग आणि मानवी हक्कांविषयीची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात : मानवी हक्कांचा आदर राखण्याची उद्योगांची जबाबदारी स्वतंत्र आहे, राज्यसंस्था आपले काम करते की नाही यावर ती अवलंबून नाही.

‘द्यावे आणि मोकळे व्हावे’ या धोरणाची किंमत कोण मोजते, याचे उदाहरण देतो. चीनमधील पत्रकार शी ताओ यांनी २००४ मध्ये तिआनमेन चौकात १९८९ मध्ये चिरडलेल्या आंदोलनाच्या पंधराव्या स्मरणदिनाबाबत वृत्तपत्रांना दिलेली सरकारी सूचना ईमेलने परदेशात पाठवली. खाते याहूचे होते. तपास यंत्रणेने माहिती मागितली, ती मिळाली, आणि २००५ मध्ये शी ताओ यांना १० वर्षांची शिक्षा झाली. कंपनीचे म्हणणे होते की स्थानिक कायदा पाळणे भाग होते. २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे झालेल्या सुनावणीत कंपनीच्या प्रमुखांना शी ताओ यांच्या आईची माफी मागावी लागली. ते २०१३ मध्ये सुटले.

आता याच कंपनीची दुसरी बाजू पाहा, कारण ती सहसा सांगितली जात नाही. २००७ साली अमेरिकी सरकारने वॉरंटशिवाय परदेशी खात्यांची माहिती मागितली, तेव्हा याहूने ती द्यायला नकार दिला आणि गुप्त कामकाज चालणाऱ्या परदेशी हेरगिरी न्यायालयात दाद मागितली. कंपनी तिथे हरली, २००८ मध्ये अपिलातही हरली, आणि पालन न केल्यास दिवसाला अडीच लाख डॉलर दंड मागण्याचा सरकारचा इरादा होता. हे सारे २०१४ मध्ये कागदपत्रे खुली झाल्यावर जगाला कळले, म्हणजे सहा वर्षे कंपनीला आपण लढलो हेसुद्धा सांगता आले नव्हते. मी याहूला संत ठरवत नाही. पण एका प्रकरणात पत्र आले आणि माहिती गेली. दुसऱ्या प्रकरणात पत्र आले आणि कोणीतरी विचारले, ‘हा अधिकार आपणांस आहे का?’

लढायला मोठी कंपनी लागते असेही नाही. २००४ मध्ये निकोलस मेरिल हे न्यूयॉर्कमध्ये कॅलिक्स नावाची छोटी इंटरनेट कंपनी चालवत होते. एफबीआयचे ‘राष्ट्रीय सुरक्षा पत्र’ त्यांच्या हाती पडले. त्यावर न्यायाधीशाची सही नव्हती, आणि याविषयी कोणाशीही बोलू नये अशी ताकीद होती. त्यांनी वकील गाठला आणि सरकारवर खटला भरला, तोही निनावी, कारण स्वतःचे नाव सांगण्यालाही बंदी होती. एफबीआयने पुढे माहितीची मागणी मागे घेतली, पण तोंड बंद ठेवण्याचा हुकूम कायम राहिला. ‘तो खटला मी भरला’ एवढे सांगायला त्यांना २०१० उजाडले, आणि पत्रात नेमके काय मागितले होते ते सांगायला २०१५.

लव्हाबिट या ईमेल सेवेचे नाव अनेक वाचकांनी आदर्श म्हणून लिहून पाठवले आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. २०१३ मध्ये एका खात्यावर पाळत ठेवण्यासाठी सरकारने सेवेची मुख्य सांकेतिक किल्लीच मागितली. मालक लाडार लेव्हिसन यांनी ती आधी ११ पानांवर, ४ पॉइंटच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या टंकात छापून दिली. न्यायालयाने दिवसाला ५,००० डॉलर दंड लावल्यावर ती वापरता येईल अशा रूपात द्यावी लागली आणि त्यांनी सेवाच बंद केली. धैर्य निर्विवाद आहे. पण जवळजवळ ४ लाख लोकांचा पत्रव्यवहार एकाच किल्लीने उघडेल अशी रचना कोणी केली होती? त्यांनीच. मागणीपत्र आल्यावर दाखवलेल्या शौर्यापेक्षा घर बांधताना घेतलेली काळजी मला जास्त मोलाची वाटते. सिग्नल या संदेशसेवेकडे २०१६ मध्ये अमेरिकी न्यायालयीन समन्स आले, तेव्हा तिने मुकाट्याने होती ती सगळी माहिती दिली : खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले. दुसरे काही तिच्याजवळ नव्हतेच. त्या वेळी ना शौर्य लागले, ना दंड झाला.

आणि लढायचे कशासाठी, याचे मोजमापही उपलब्ध आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. त्या हक्कावरील बंधनाला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि बंधन हेतूच्या प्रमाणात हवे, ही कसोटी त्या निकालातून पुढे आली. इतर अनेक लोकशाही देशांतही शब्द वेगळे असले तरी कसोटी याच वळणाची आहे. मागणीपत्र वाचणाऱ्या माणसाने टेबलावर ठेवावी अशी ती आहे.

प्रश्न : प्रत्येक वेळी पत्रव्यवहार करण्यात तपासाचा वेळ जातो. त्यापेक्षा यंत्रणांना कंपनीच्या जाळ्यात कायमची थेट जोडणीच दिली तर? ज्यांनी काही केले नाही त्यांना भीती कशाची?

उत्तर : वेळ जातो हे खरे आहे, आणि अपहरणासारख्या प्रकरणात एकेक तास मोलाचा असतो. त्यासाठी चोवीस तास फोन उचलणारा जबाबदार अधिकारी कंपनीने नेमावा. तातडीच्या मागणीचे लेखी कागद नंतर पाठवण्याची सोय अनेक कायद्यांत आहे. थेट जोडणी हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण तिच्यात पत्र वाचणारा माणूसच नाहीसा होतो. व्होडाफोनने जून २०१४ मध्ये आपल्या अहवालात लिहिले की, काही देशांत यंत्रणांची जोडणी थेट तिच्या जाळ्यात असते, त्यामुळे किती मागण्या आल्या हे कंपनीलाच ठाऊक नसते. रशियातही अशीच व्यवस्था आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये झाखारोव्ह खटल्यात तिच्यावर नेमके हेच बोट ठेवले : कंपनीला आदेश दाखवावाच लागत नसेल, तर गैरवापर रोखणार कोण?

आपल्या दुसऱ्या वाक्याचे उत्तर अथेन्समध्ये सापडते. तिथल्या व्होडाफोनच्या यंत्रांत कायदेशीर टेहळणीसाठी केलेली सोय होती. कोणीतरी आत शिरून ती गुपचूप चालू केली आणि २००४ ते २००५ या काळात शंभराहून अधिक फोन ऐकले. त्यांत पंतप्रधान कोस्तास करामानलिस यांचा फोन होता, मंत्र्यांचे होते. ज्यांच्या सुरक्षेच्या नावाने दार बसवले, त्यांच्याच खोलीत चोर शिरला. जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी असेही नाही. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने दूरसंचार कंपन्यांना आपल्या यंत्रणेत टेहळणीची सोय ठेवणे बंधनकारक आहे, आणि २०२४ मध्ये ‘सॉल्ट टायफून’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, चीनशी संबंध जोडल्या गेलेल्या हॅकरांनी अमेरिकी कंपन्यांच्या नेमक्या त्या सोयीपर्यंत मजल मारल्याचे समोर आले. दार बसवणाऱ्याला वाटते की किल्ली आपल्याच खिशात आहे.

प्रश्न : नोंदी किती काळ ठेवाव्यात? कमी ठेवल्या तर गुन्हेगार सुटतील, जास्त ठेवल्या तर सगळ्यांवर पाळत. मधला मार्ग आहे का?

उत्तर : या महिन्यातला सर्वांत प्रामाणिक प्रश्न हा आहे, आणि याला एका आकड्याचे उत्तर नाही.

युरोपीय संघाने २००६ मध्ये सगळ्या पुरवठादारांनी सगळ्या ग्राहकांच्या संपर्कनोंदी ६ ते २४ महिने ठेवाव्यात असा निर्देश काढला. ८ एप्रिल २०१४ रोजी संघाच्या न्यायालयाने तो रद्द केला, कारण ज्यांच्यावर तिळमात्र संशय नाही अशा सर्वांच्याच आयुष्याची नोंद त्यातून साठत होती. निकाल लागताच स्वीडनमधील बानहोफ या पुरवठादाराने नोंदी ठेवणे थांबवले आणि साठलेल्या पुसल्या. पण देशाचा कायदा अजून जिवंत होता, आणि नियामकाने दंडाची धमकी देऊन नोंदी पुन्हा सुरू करायला लावल्या. त्यावर बानहोफने नोंदी ठेवल्या आणि सोबत ग्राहकांना मोफत व्हीपीएन (इंटरनेटवरची ये-जा सांकेतिक करून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) देऊ केले, म्हणजे नोंदींत काही सापडू नये! दुसरा स्वीडिश पुरवठादार टेले-२ न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०१६ मध्ये सरसकट साठवणुकीविरुद्धचा निकाल घेऊन आला.

इतरत्र प्रवाह उलटाही आहे. ब्रिटनचा २०१६ चा कायदा पुरवठादारांना १२ महिन्यांपर्यंत जोडणीच्या नोंदी ठेवायला लावू शकतो. भारतात एप्रिल २०२२ च्या सरकारी निर्देशांनी संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस आणि व्हीपीएन ग्राहकांची माहिती ५ वर्षे ठेवण्यास सांगितले, तेव्हा अनेक परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी देशातले आपले सर्व्हर हलवले.

मात्र नोंदी नकोतच असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या कित्येक प्रकरणांत आयपी पत्ता हाच एकमेव धागा असतो, आणि तो तुटला की तपास तिथेच संपतो. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही ऑक्टोबर २०२० च्या निकालात जोडणीच्या आयपी पत्त्यांसाठी मर्यादित मुदतीची वाट मोकळी ठेवली. मला पटणारा मार्ग सायबर गुन्ह्यांविषयीच्या २००१ च्या बुडापेस्ट करारात आहे : संशयाला ठोस कारण मिळताच यंत्रणेने कंपनीला ‘या ग्राहकाच्या नोंदी पुसू नका’ असे सांगायचे, कंपनीने त्या जास्तीत जास्त ९० दिवस गोठवून ठेवायच्या, आणि तेवढ्यात यंत्रणेने रीतसर आदेश आणायचा, गरज पडल्यास मुदत वाढवून घेता येते. गोठवणे म्हणजे देणे नव्हे. सगळ्या शहराचा कचरा वर्षभर साठवण्याऐवजी एका घराचा डबा बाजूला ठेवण्यासारखे हे आहे. उपमा ओंगळ आहे, पण काम समजावते. जिथे कायद्याने मुदत ठरवलेली नाही, तिथे पुरवठादाराने देयके आणि बिघाड यांसाठी जेवढे दिवस खरोखर लागतात तेवढेच दिवस नोंदी ठेवाव्यात, आणि त्यानंतर त्या पुसण्याचे काम यंत्राला नेमून द्यावे. माणसाकडे सोपवले तर ते होत नाही.

प्रश्न : व्हीपीएन घेतले की हा सगळा प्रश्न संपतो ना?

उत्तर : संपत नाही, दुसऱ्या पत्त्यावर जातो. आता पुरवठादाराऐवजी व्हीपीएन कंपनीला आपल्या भेटीगाठी दिसतात, आणि मागणीपत्र तिच्याकडे जाऊ शकते. खासगीपणासाठी प्रसिद्ध असलेल्या प्रोटॉनच्या ईमेल सेवेला २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशाने फ्रान्समधील एका पर्यावरण कार्यकर्त्याच्या खात्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला. पत्रांचा मजकूर सांकेतिक असल्याने कंपनीला देता येण्यासारखा नव्हता. ‘आम्ही काहीच नोंदवत नाही’ या वाक्यापुढे ‘आदेश येईपर्यंत’ हे शब्द मनातल्या मनात वाचावेत.

प्रश्न : माझी माहिती कंपनीने दिली, हे मला कधी कळेल? मी ग्राहक म्हणून काय विचारू शकतो?

उत्तर : बहुतेक वेळा आपोआप कळणार नाही. तपास चालू असताना संशयिताला सावध करू नये हे रास्त आहे, त्यामुळे काही काळ गुप्तता असण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती मुदत नसलेल्या गुप्ततेला. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकी सरकारवर खटला भरला, तेव्हा आधीच्या १८ महिन्यांत ग्राहकाला न सांगण्याचे सुमारे अडीच हजार आदेश आल्याचे म्हटले होते, आणि त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक आदेशांना शेवटची तारीखच नव्हती. पुढच्या वर्षी न्याय खात्याने असे आदेश साधारणतः एक वर्षापुरतेच मागावेत अशी सूचना आपल्या वकिलांना दिली, आणि कंपनीने खटला मागे घेतला.

काही कंपन्या वर्षातून एकदा-दोनदा पारदर्शकता अहवाल काढतात. गूगलने ही प्रथा २०१० मध्ये सुरू केली. हे अहवाल वाचताना किती मागण्या आल्या यापेक्षा किती मागण्यांना काहीच दिले नाही किंवा कमी दिले, तो रकाना आधी पाहावा. तो रिकामा असेल, तर पत्रे वाचली जात नाहीत असे समजायला जागा आहे.

आपल्या कंपनीला लेखी विचारायचे असेल तर प्रश्न थोडे पण टोकदार असावेत. माझ्या जोडणीच्या नोंदी किती दिवसांनी पुसल्या जातात? सरकारी मागणी आपल्याकडे कोण वाचते, त्या व्यक्तीचे पद काय? कायद्याची मनाई नसेल तर माहिती देण्याआधी आपण ग्राहकाला कळवता का? आणि मनाई असेल तर ती कधी उठते याची नोंद कोण ठेवते, आणि ती उठल्यावर ग्राहकाला पत्र कोण लिहिते? शेवटच्या प्रश्नाला बहुधा उत्तर येत नाही, कारण ते काम कोणाकडेच सोपवलेले नसते. आपणांस उत्तर आले, तर त्याची प्रत या सदराकडे जरूर पाठवावी. आपले नाव आणि ग्राहक क्रमांक खोडून.